जॉयस्टिक सरकते, मनगट भरून येतं, आणि नीट केलं तरी पंधरा दिवसांत परत तेच

घरी फ्लाइट सिम, म्हणजे संगणकावरचं विमान, उडवणाऱ्यांकडून ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे, आणि स्वतः अडीच वर्षं भोगलीही आहे. म्हणून जे सापडलं ते सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

तक्रार साधारण अशी असते. पहिला अर्धा तास काहीच जाणवत नाही. मग उजवा खांदा जड व्हायला लागतो. तासाभरात मनगट भरून येतं, कोणाला करंगळीत मुंग्या येतात, कोणाचा अंगठा मुळापाशी ठणकतो. त्यातच जॉयस्टिकचा बेस टेबलावर इंचइंच सरकत राहतो आणि आपण तो परत परत जागेवर ओढतो. मग कोणी रबरी मॅट आणतं, कोणी नवी खुर्ची घेतं, कोणी दुप्पट किमतीची स्टिक मागवतं. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

माझी आवडती फेरी रात्रीची नागपूर-मुंबई. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून टपाल घेऊन निघालेली डकोटा विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर एकत्र यायची, पोत्यांची अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी पोचायची. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये २०२२ साली डीसी-३, म्हणजे आपली डकोटा, आली तेव्हापासून मी ती फेरी हातानंच उडवतो. अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच तास. आणि दर वेळी अकोला उजव्या हाताला मागे पडेपर्यंत, म्हणजे पाऊण-एक तासात, माझा खांदा कानाला टेकलेला असायचा. संभाजीनगरावर पोचेपर्यंत स्टिक डाव्या हातात घ्यावी लागायची.

दोष स्टिकचा नव्हता. टेबलाचा होता, आणि नंतर कळलं की टेबलाहूनही जास्त खुर्चीचा होता.

आधी टेप घ्या

शिवणकामाची टेप चालते. खुर्चीत पाठ टेकवून बसा, खांदे सैल सोडा, दंड सरळ खाली लोंबू द्या आणि कोपर काटकोनात वाकवा. घरातल्या कोणालातरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. स्वतः मोजू नका. वाकलात की आकडा बदलतो.

माझं कोपर ६७ सेंटिमीटरवर आलं. टेबल ७६ सेंटिमीटर. स्टिकच्या बेसपासून मुठीच्या मध्यापर्यंत १५. म्हणजे कोपर ६७ वर आणि मूठ ९१ वर. फरक २४ सेंटिमीटरचा, जवळजवळ साडेनऊ इंच! तेवढं वर पोचायला दंड पुढे उचलावा लागतो, आणि अख्ख्या हाताचं ओझं खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंवर तासन् तास लटकत राहतं. खांदा जड होतो तो यामुळे. शिवाय हाताचा पुढचा भाग वर चढता राहतो आणि स्टिक तर उभीच असते, त्यामुळे ती धरताना मनगट करंगळीच्या बाजूला मुडपून घ्यावं लागतं. अशा मुडपलेल्या मनगटानं बारीक बारीक हालचाली करत राहिलं की ते भरून येणारच.

आपल्याकडची टेबलं वहीत लिहायच्या हिशेबानं बनलेली असतात. कीबोर्डलाही ती जरा उंचच पडतात. त्यावर पुन्हा वीतभर उंच स्टिक ठेवली तर हाताला आराम मिळायचा कुठून? म्हणून मॅट, जेलची उशी, मनगटाचा पट्टा यांवर पैसे घालायच्या आधी हा एक फरक काढा. तो आठ-दहा सेंटिमीटरच्या वर असेल तर बाकी उपाय वरवरचेच ठरतील.

मूठ कोपराच्या पातळीत हवी, फार तर दोन-तीन सेंटिमीटर वर. माझ्या आकड्यांत बेसची जागा ६७ वजा १५, म्हणजे जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर आली. टेबलाच्या पार खाली, मांडीच्या बाजूला. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, पण खऱ्या विमानांत दांडी अशाच उंचीवर असते. एअरबसमध्ये ती वैमानिकाच्या बाजूला असते आणि हाताखाली आर्मरेस्ट असतो. राफेल आणि एफ-१६ मध्येही उजव्या बाजूला आहे. सुखोई-३०, मिराज २००० आणि तेजसमध्ये ती दोन मांड्यांच्या मध्ये आहे. छातीच्या उंचीवर हात धरून कोणी लढाऊ विमान उडवत नाही.

भोक पाडायच्या आधी आठवडाभर करून पाहा

घरातलं प्लास्टिकचं स्टूल घ्या, मांडीला लागून उजवीकडे ठेवा. साधारण ४५ सेंटिमीटरचं असतं. वर दोन जाड पुस्तकं ठेवली की ५२ होतात. स्टिकचा बेस सायकलच्या जुन्या ट्यूबनं स्टुलाला करकचून बांधा आणि स्टुलाच्या पायांत डाळ-तांदळाचे भरलेले डबे ठेवा, म्हणजे ओढताना ते डुलणार नाही.

मधल्या स्टिकसाठी याहून सोपं आहे. फूटभर रुंद आणि अडीच फूट लांब प्लायची फळी खुर्चीवर ठेवायची, मागच्या भागावर आपण बसायचं आणि मांड्यांमधून पुढे निघालेल्या टोकावर स्टिक बसवायची. आपलंच वजन तिला धरून ठेवतं. फळीच्या कडा मांडीला काचतात, तेव्हा त्या पॉलिश पेपरनं घासून गोल करा. मधल्या जागेसाठी दांडीला नळीचा तुकडा जोडून उंची वाढवणारेही पुष्कळ आहेत. त्यात एक लक्षात ठेवा. स्प्रिंग तीच राहते पण दांडी लांब होते, त्यामुळे हाताला जोर कमी लागतो आणि हालचाल जास्त करावी लागते. बारीक नियंत्रण सुधारतं. मात्र धक्का देऊन ओढायची सवय असेल तर लांब दांडीचा ताण बेसच्या प्लास्टिकवर येतो.

बाजूची जागा की मधली, हे तुम्ही जास्त काय उडवता त्यावर ठरवा. एअरबसच्या डाव्या खुर्चीत, कॅप्टनच्या जागी बसून उडवायचं असेल तर स्टिक डाव्या हातात आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, उजव्या हातात लागतो. त्यासाठी दोन्ही हातांनी वापरता येणारी स्टिक हवी. थ्रस्टमास्टरच्या टी-१६०००एमची मूठ तशी बदलून लावता येते. उजव्या हाताच्या घाटाची स्टिक डाव्या हातात धरून काटकसर करू नका. अंगठा फार वाईट रीतीनं वळतो.

मी स्टुलावर करून पाहिलं आणि पहिल्याच रात्री मुंबईपर्यंत खांदा दुखला नाही. मला वाटलं, झालं. पंधरा दिवसांनी दुखणं परत आलं.

दुखणं परत का येतं

स्टूल तेच, पुस्तकं तीच, फरशीवर खडूनं केलेल्या खुणाही जागच्या जागी. मी चार दिवस स्टिकच्या सेटिंगमध्ये डोकं घालून बसलो. उत्तर दिलं मुलीनं. ती दहावीला आहे आणि दिवसा तीच खुर्ची अभ्यासाला वापरते. म्हणाली, "बाबा, ही खुर्ची बसल्या बसल्या खाली जाऊन राहिली. मी रोज वर करते."

टेप लावली. बसताना सीट ४४ सेंटिमीटरवर, तासाभरानं ४१ वर. खुर्चीच्या मधल्या दांड्यातला गॅस लिफ्ट हळूहळू बसत होता, इतका हळू की बसणाऱ्याला पत्ताच लागू नये. खुर्ची ३ सेंटिमीटर खाली गेली की कोपरही तेवढंच खाली जातं. स्टूल मात्र जमिनीवर ठाम. म्हणजे जुळवून आणलेलं अंतर दर रात्री मोडत होतं. शिवाय मुलगी तिच्या उंचीप्रमाणे सीट वर करायची आणि मी ती अंदाजानं खाली घ्यायचो. कधी ४४, कधी ४६. खुर्ची ज्या दुकानातून घेतली तिथे विचारलं, तर म्हणाले एवढं चालतंच. चालत नाही. बाकी सगळं बरोबर असताना तेवढ्यानंच माझं दुखणं परत आलं होतं.

तेव्हा कोणाची तक्रार "नीट केलं होतं, तरी परत सुरू झालं" अशी असली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: खुर्ची मोजली का? बसताना एकदा आणि तासाभरानं एकदा, दोन्ही वेळा बसलेल्या अवस्थेत.

खुर्ची बसत असेल आणि लगेच बदलायची नसेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा कामाला येतो. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण वर सरकवा. हव्या त्या उंचीला दांडा जेवढा उघडा दिसतो तेवढ्या लांबीचा पाइप कापा, उभा चिरा आणि दांड्यावर चढवून वरून दोन क्लिप आवळा. सीट त्या पाइपावर टेकते आणि खाली जातच नाही. उंची मग बदलता येत नाही. आमच्या घरी दोघं वापरतात, म्हणून मला हा उपाय बाद करावा लागला.

खरा उपाय दुसराच आहे. स्टिक आणि थ्रॉटल जमिनीला किंवा टेबलाला नाही, खुर्चीलाच धरवायचे. मग खुर्ची वर जाओ की खाली, कोपर आणि स्टिक एकत्रच हलतात.

लकडगंजच्या मिस्त्रींनी काढलेली वाट

मी आधी टेबलालाच खाच पाडून खाली फळी बसवायच्या विचारात होतो. नागपुरातल्या लकडगंजमध्ये ज्यांच्याकडून प्लाय घेतो त्या मिस्त्रींना चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, टेबलले कायले हात लावता? तुमचा हात खुर्चीत हाये न, मंग फळी बी खुर्चीलेच पाह्यजे."

मग त्यांनी माझी खुर्ची उलटी करायला लावली. ऑफिसच्या खुर्चीच्या सीटखाली एक लोखंडी प्लेट असते, ती चार बोल्टनी सीटला जोडलेली. ते चार बोल्ट काढायचे, प्लेट आणि सीटच्या मध्ये प्लायची आडवी पट्टी घालायची आणि परत आवळायचं. पट्टी दोन्ही बाजूंनी सीटच्या बाहेर निघते. उजव्या टोकावर स्टिकची फळी, डाव्या टोकावर थ्रॉटलची.

इथे एक गोष्ट बारकाईनं पाहा, कारण चूक झाली तर खुर्ची वाया जाते. पट्टी १८ मिलिमीटर जाडीची असेल तर नवे बोल्ट जुन्यांपेक्षा बरोबर १८ मिलिमीटर लांब घ्या. मिस्त्रींनी जुना बोल्ट पट्टीच्या कडेला उभा धरला, नखानं खूण केली आणि त्या मापाचाच बोल्ट शोधला. त्याहून लांब बोल्ट घातला तर तो सीटच्या लाकडातून आरपार जाऊन फोममधून वर टोचतो. आखूड घातला तर दोन-तीनच आटे धरतात आणि एखाद्या दिवशी सगळं निसटतं. जुना बोल्ट खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि आट्यांचं माप त्यावरूनच जुळवा.

पट्टी बाहेर जितकी जास्त निघेल तितकी लवते. माझी उजवीकडे २५ सेंटिमीटर बाहेर येते, आणि नुसत्या प्लायवर स्टिक ओढली की टोक वर-खाली व्हायचं. इतवारीतून लोखंडी अँगलचे दोन तुकडे आणून पट्टीखाली दोन्ही कडांना बसवले, तेव्हा ते थांबलं. हे आधीच करून घ्या. लवणाऱ्या फळीवर हात नकळत स्टिक घट्ट धरतो, आणि घट्ट धरणं हे मनगटदुखीचं दुसरं मोठं कारण आहे.

स्टिकची छोटी फळी पट्टीवर मी फुलपाखरी नटांनी बसवली आहे. दोन नट बोटांनी सोडले की फळी निघते आणि खुर्ची परत अभ्यासाची होते. चाकांची खुर्ची आणि पायांत रडर पेडल, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी पेडलं, असतील तर पेडल दाबताना खुर्ची मागे पळते. पुढची दोन चाकं काढून त्या जागी रबरी पाय बसवा, किंवा पेडल आणि खुर्चीचा खालचा भाग दोरीनं एकमेकांना बांधा. दोरीचा उपाय दिसायला बरा नाही पण खात्रीचा आहे.

नाक वर घेताना विमान एका अंगाला का झुकतं

ही तक्रार पुष्कळ जण उडवायच्या चुकीत धरतात आणि महिनोन् महिने स्वतःला दोष देतात. सोनेगावच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून सरळ धावत निघायचं, वेग आला की स्टिक मागे घ्यायची, आणि चाकं सुटताक्षणी उजवा पंख खाली. दर वेळी उजवाच.

बऱ्याचदा याचं कारण बेसच्या दिशेत असतं. स्टिक कीबोर्डसमोर किंवा शरीराच्या मध्याकडे ठेवलेली असते, कोपर मात्र बाहेर असतं. हात त्यामुळे तिरपा, बाहेरून आत येतो. आपण "मागे" ओढतो ते आपल्या हाताच्या रेषेत, म्हणजे मागे आणि थोडं उजवीकडे. बेस सरळ पडद्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्याला ते उजवं वळण वाटतं.

खात्री अशी करा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची खिडकी उघडा, तिथे स्टिकसाठी चौकोनात एक फुली दिसते. डोळे मिटा आणि विमान वर घेतल्यासारखी स्टिक मागे ओढा. कोणालातरी फुली पाहायला सांगा. असं दहा वेळा करा. फुली दहाही वेळा सरळ खाली येत असेल तर बेस बरोबर आहे. दर वेळी एकाच कोनात खाली-उजवीकडे सरकत असेल तर बेस डावीकडे फिरवा, त्याची पुढची बाजू तुमच्या हाताच्या रेषेत येईपर्यंत, आणि परत पाहा. मला साधारण १० अंश फिरवावं लागलं. फुली कधी उजवीकडे तर कधी डावीकडे जात असेल तर मात्र बेस नका हलवू. तिथे फळी लवत असते किंवा हाताला आधार नसतो.

यासाठीच स्टिकची फळी पक्की करताना एकाच भोकावर भरवसा ठेवू नका. एक भोक गोल आणि दुसरं लांबट, खाचेसारखं पाडून घ्या, म्हणजे फळी थोडी फिरवता येते आणि मग आवळता येते.

थ्रॉटलचं थोडक्यात

थ्रॉटलची उंची स्टिकइतकी अवघड नसते. तिथे अंतर महत्त्वाचं. दांडी पूर्ण मागे असताना कोपर पाठीच्या मागे जाता कामा नये, आणि पूर्ण पुढे असताना खांदा खुर्चीच्या पाठीवरून सुटता कामा नये. दोन्ही टोकं तपासा. बहुतेक जण मधल्या जागी हात ठेवून जागा ठरवतात आणि टेकऑफच्या वेळी पुढे वाकतात.

दांडी जड वाटत असेल तर तळाला घट्ट-सैल करायचा स्क्रू आहे का ते आधी पाहा. पुष्कळ थ्रॉटलना असतो. आत ग्रीस लावायचंच असेल तर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते धूळ धरतं आणि ओघळत सेन्सरपर्यंत जातं.

आणि हात सतत थ्रॉटलवर ठेवू नका. एअरबसमध्ये टेकऑफनंतर थोड्याच वेळात दांडे क्लाइंबच्या खाचेत येतात आणि उतरायची वेळ येईपर्यंत सहसा तिथेच राहतात. उजव्या हाताला हीच मोकळीक ट्रिम देतं, म्हणजे स्टिक दाबून न धरता विमान स्थिर ठेवायची सोय. डकोटा किंवा सेस्ना सरळ उडत असताना तुम्हाला स्टिक जरा ढकलून किंवा ओढून धरावी लागत असेल तर ते दुखणं ट्रिमचं आहे, फर्निचरचं नाही. ट्रिम वर आणि ट्रिम खाली ही दोन बटणं अंगठ्याजवळ नेमून घ्या आणि प्रत्येक उंचीला पोचल्यावर हात सोडून विमान स्थिर राहतं का ते पाहा. एवढी एकच सवय लागली तरी माझ्या मते निम्मं मनगट वाचतं.

कोणतं बोट बधिर होतं ते पाहा

यातलं बरंचसं मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलं. करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर कोपर तपासा. त्या बोटांची नस कोपराच्या आतल्या बाजूनं अगदी वरून जाते, तिथे काही लागलं की झिणझिणी येते ती हीच. माझी करंगळी बधिर व्हायची ती आर्मरेस्टच्या कडक प्लास्टिकच्या कडेमुळे. आईच्या जुन्या गोधडीचा तुकडा चारपदरी करून तिथे बांधला, पण फक्त हाताच्या मांसल भागाखाली. कोपराचं हाड अधांतरी राहील अशी जागा सोडली. आठवड्यात फरक पडला.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतील तर ती नस मनगटातून जाते, आणि तिथे मनगट वाकलेलं राहत असण्याची शक्यता जास्त. परत टेप घ्या आणि उंची मोजा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर बहुतेक वेळा स्टिकच्या माथ्यावरच्या, अंगठ्यानं चारी दिशांना ढकलायच्या छोट्या हॅट स्विचनं आजूबाजूला पाहायची सवय त्यामागे असते. ते काम काही दिवस दुसऱ्या हातावर टाका. मूठ पिळून रडर फिरवणाऱ्यांनाही हे दुखणं होतं. पेडल असतील तर स्टिकचं पिळणं लॉक करून टाका.

बधिरपणा खेळ थांबवल्यावरही राहत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा हातातून वस्तू निसटायला लागल्या असतील तर फळ्या हलवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मे महिन्यातली वेगळी तक्रार

उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास गेला की आमच्याकडे वर्षभर टिकलेल्या गोष्टी सुटायला लागतात. रबरी सक्शनचे पाय दुपारी धरतात आणि संध्याकाळी सुटतात. वेल्क्रोमागचा गोंद मऊ होऊन पट्टी सरकते. त्यात कूलरची ओली हवा. सनमायकावर दमट थर बसतो, त्यावर आपली धूळ, आणि कालपर्यंत जाम बसणारी मॅट आज काचेवर ठेवल्यासारखी फिरते. तुमची जॉयस्टिक फक्त एप्रिल ते जून सरकत असेल तर कारण बहुतेक हेच.

त्यावर चिकटवायच्या कोणत्याही वस्तूचा भरवसा नको, बोल्टच हवा. भाड्याचं घर आहे किंवा टेबल दुसऱ्याचं आहे म्हणून भोक पाडता येत नसेल तर निदान शिकंजा लावा आणि त्याच्या जबड्याखाली रबराचा तुकडा घाला. मॅटच वापरायची असेल तर ती आणि टेबल दोन्ही ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. हे दर चार-पाच दिवसांनी करावं लागतं. कूलरचा झोत स्टिकवर थेट येऊ देऊ नका. घामासाठी हात पुसायचा पंचा मांडीवर ठेवा, कारण निसरडी मूठ आपण नकळत आवळतो आणि मनगट पुन्हा तिथेच येतं.

दमटपणा आणि धुळीनं आणखी एक गोष्ट होते, तिचा बसायच्या जागेशी संबंध नसतो पण लोक ती मिसळतात. स्टिकला हात न लावता गेम कंट्रोलरची खिडकी पाहा. फुली मधोमध थांबायच्या ऐवजी थरथरत असेल तर सेन्सरवर धूळ आहे किंवा तो झिजला आहे. आधी दोन-तीन टक्के डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल खेळानं मोजायचीच नाही तेवढी जागा, देऊन पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर मात्र दुरुस्तीचं काम आहे, फळीचं नाही.

आकडे लिहून ठेवा

एअरबस ए-३२० च्या आर्मरेस्टवर उंची आणि तिरकेपणा दाखवणाऱ्या खुणा असतात. खुर्ची रोज वेगवेगळे वैमानिक वापरतात, म्हणून प्रत्येक जण आपली खूण लक्षात ठेवतो आणि बसल्याबरोबर आर्मरेस्ट त्या जागी आणतो. हे वाचल्यावर मी आमच्या खुर्चीच्या गॅस लिफ्टच्या आवरणावर दोन रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या. निळी मुलीची, लाल माझी. स्टिकच्या फळीखाली कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं आहे: सीट ४४, मूठ ६७, बेस डावीकडे १० अंश, स्टिकचा मध्य सीटच्या पुढच्या कडेपासून १२ सेंटिमीटर पुढे. थ्रॉटलच्या खाली वेगळा कागद.

रात्री साडेनऊला मुलगी पुस्तकं उचलते. मी सीट लाल पट्टीवर आणतो, फळी बसवतो, दोन नट आवळतो आणि टेप एकदा लावतो. सगळं मिळून चार मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून खालचे चार बोल्टही पान्यानं पाहतो. गेल्या वेळी डावीकडचा मागचा बोल्ट पाव फेरी सैल निघाला, आणि थ्रॉटल आठवडाभर किंचित डुलत होता तो त्याच बाजूचा होता.